दो दर्जी मसावात

मराठी शाळेत ज्याला वर्गसमीकरण म्हणतात, त्याला आमच्या उर्दू माध्यमात ‘दो दर्जी मसावात’ म्हणतात. मराठीतले ‘मूळ’ म्हणजे आमचे ‘जज्र’. अल्-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात बगदादमध्ये हाच शब्द वापरला होता. अकरावीला मुलांना तिसरे नाव भेटते, इंग्रजी.

‘‘सर, ग्यारवीं में सब इंग्लिश. फिर अपना पढ़ा हुआ सब बेकार?’’ यंदा दहावीतल्या एका मुलीने विचारले. आमच्या लोणी काळभोरचीच. अब्बा तेलाच्या डेपोतून टँकर नेतात. तिला सायन्सला घालायचे की शिक्षण थांबवायचे, हे घरात ठरत नव्हते.

मला विरूपणाचे गणित आठवले. मरे गेर्स्टनहाबर या अमेरिकन गणितज्ञाने १९६४ साली ते बीजगणितात मांडले. गुणाकाराचा नियम किंचित हलवायचा. मात्र तिघांच्या गुणाकारात कंस कुठेही घातला तरी उत्तर एकच आले पाहिजे. मग पाहायचे, रचना खरोखर नवी झाली की जुनीच नवे नाव घेऊन उभी आहे?

नेहमीच्या संख्यांत एक क्ष मिसळा. त्याचा वर्ग किती, हे ठरले की गुणाकार ठरला. समजा क्ष² = १. तो हलवून १.२१ केला. पण क्षला १.१ने भागून य म्हणा, पुन्हा य² = १. फक्त नाव बदलले! अशा रचनेला दृढ म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एम. एस. रघुनाथन यांनी अशाच दृढतेवर, पण फार वरच्या पायरीवर, काम केले.

आता क्ष² = ०. दोन्ही मुळे शून्यात अडकलेली. शून्याचे ०.०१ करा, मुळे सुटतात : ०.१ आणि −०.१. उलट −०.०१ केले, तर थेट संमिश्र संख्यांत जातो. आता शून्य सोडून कुणाचाही वर्ग शून्य येत नाही. नावे कितीही बदला, मागे जाता येत नाही. एवढ्याशा धक्क्याने!

मुलगी फळ्याकडे बघत म्हणाली, ‘‘उर्दू से इंग्लिश, ये पहला वाला हुआ ना?’’

‘‘अल्फाज का, हां,’’ मी म्हणालो. कॉलेजात जाणे मात्र दुसऱ्या प्रकारचे, आणि तिच्या अब्बांना भीती त्याचीच असणार. हे मी बोललो नाही.

रविवारी ते घरी आले. समीकरणाचे काही विचारले नाही. हडपसरहून संध्याकाळी शेवटची बस किती वाजता सुटते, एवढेच विचारले.