गाडी कोणाची?

मैत्रिणींनो, तुमच्या घरी अशी एखादी वस्तू आहे का, की जिच्यावरून दर दिवाळीला वाद होतो आणि दर दिवाळीनंतर ती जिथल्या तिथेच राहते? कुणाकडे पितळी बंब असतो, कुणाकडे शिसवी कपाट. आमच्याकडे मोटार आहे! कागदोपत्री 'प्रीमियर पद्मिनी', सन १९७५, रंग दुधी. पण वाईच्या आमच्या आळीत लहानथोर सगळे तिला 'अण्णांची फियाट' असंच म्हणतात.

अण्णा म्हणजे माझे सासरे. ही गाडी त्यांनी १९८६ मध्ये साताऱ्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी म्हणून घेतली. मारुती तेव्हा नवी नवी होती आणि तिला नंबर लावून थांबावं लागे. अण्णांना थांबायचं नव्हतं. शिवाय "ही दणकट आहे, घाट चढते," हा त्यांचा ठेका. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार झाली. मूळ नमुना इटलीच्या फियाट अकराशेचा, आणि पुढे नाव मिळालं ते चितोडच्या राणी पद्मिनीचं. मी शाळेत अर्धवेळ इतिहास-मराठी शिकवते. त्यामुळे एवढी माहिती मला हवीच, नाही का?

गाडी चालवायला मला अण्णांनीच शिकवलं. ह्यांची नोकरी पुण्याला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. अण्णांची दृष्टी अधू झाली तेव्हा एक दिवस मला म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून तू चालवायचीस." मी गारच पडले. या गाडीत गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो आणि पुढे बाकासारखी एकसलग सीट. क्लच जड, ब्रेक तर पायाखाली उखळ असल्यासारखा. बाजाराच्या मोकळ्या मैदानावर मी पहिल्या दिवशी अकरा वेळा गाडी बंद पाडली. अण्णा शांतपणे म्हणाले, "क्लच म्हणजे पाळण्याची दोरी. झटक्यात सोडली की पोर उठलंच!" पोरं वाढवलेल्या बाईला ते बरोब्बर कळलं.

खरं सांगू का? लग्नानंतर या घरात मी पुष्कळ काही शिकले. पुरणपोळी, गौरीचा स्वयंपाक, आल्यागेल्याचं करणं. ते सगळं दुसऱ्यांसाठी होतं. मला म्हणून कुणी शिकवलं असेल तर ही गाडी.

२०२१ च्या पावसाळ्यात अण्णा गेले. गाडी ताडपत्रीखाली गेली. दोन वर्षं कुणी तिच्याकडे पाहिलं नाही, उंदरांनी मात्र पाहिलं. पुढे ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरल्याची बातमी टीव्हीवर आली. लगेच दिवाळी होती. दादर सोडून गावी आलेले भाऊजी फराळ करता करता म्हणाले, "मुंबईने काढल्या, आपण कशाला ठेवायची? भंगारवाला वजनावर पैसे देईल. शेड मोकळी होईल, माझी गाडी उभी राहील." हे म्हणाले, "पांढरा हत्तीच आहे तो." सासूबाई करंज्यांना मुरड घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मला एक वर्ष द्या. माझ्या पगारातून करीन." दोघे भाऊ एकमेकांकडे पाहून हसले. हसू देत म्हटलं!

मग सुरू झाला आमचा संसार. गावात एक म्हातारे फिटर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी टाकी उतरवली तर आत गंज. ब्रेकची रबरं फुगलेली, निम्म्या वायरी उंदरांनी खाल्लेल्या. चाचा म्हणाले, "बेटी, इंजिन जिवंत आहे. बाकीचं माणसाच्या हातचं." दर महिन्याच्या पगारातून एकेक काम उरकत गेले. एका महिन्यात ब्रेक, एका महिन्यात वायरिंग, एका महिन्यात टायर. दिवाळीला साडी घेतली नाही, बॅटरी घेतली.

यातल्या काही गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील म्हणून सांगते. बॅटरीच्या टोकांवर पांढरट-हिरवट बुरशीसारखं जमतं. आधी तिच्या तारा सोडवाव्या, मग खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या दात घासायच्या ब्रशने ते धुवावं. पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. कोरडं झालं की तारा जोडून वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. बंपरच्या क्रोमवर गंजाचे ठिपके आले तर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा. माझा बंपर आता स्टीलच्या डब्यांपेक्षा चकाकतो!

कार्ब्युरेटरचं मात्र एक ध्यानात ठेवा. त्यातलं जेट म्हणजे स्टोव्हच्या बर्नरसारखंच बारीक भोक. ते कचऱ्याने तुंबलं की गाडी आचके देते. पण स्टोव्हला पिन मारतो तशी इथे मारायची नाही, भोक मोठं होऊन गाडी पेट्रोल पिऊ लागते. हवेच्या फुंकरीनेच साफ करायचं. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, शिवाय हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून चाचांनी सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि मला बजावलं, "आठवड्यातून एकदा तरी फिरव. उभी ठेवलीस की संपली." आठवड्यातून एकदा म्हणजे शनिवारची सकाळची शाळा. मुलं फाटकापाशी टाळ्या वाजवतात.

हळूहळू आम्ही आसपासच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांना जाऊ लागलो. मेळावा म्हणजे काही फार मोठं नसतं हो. कुठलं तरी मैदान, मंडप, चहा, वडापाव आणि आपापल्या गाडीला मुलीसारखं नटवून आणलेले लोक. २०२५ च्या मार्चमध्ये असाच एक मेळावा पाचगणीला होता. रविवार होता म्हणून हेही आले. सुटीला आले होते म्हणून भाऊजीही. मी चालवायला, हे शेजारी, मागे सासूबाई, भाऊजी आणि मध्ये आमची कन्या. सासूबाईंची जागा ठरलेली. मागची, डाव्या खिडकीची, मांडीवर पिशवी.

निघायला उशीर झाला आणि ऊन तापलं. पसरणीचा घाट निम्मा चढलो असू, गाडीने दोन आचके दिले आणि बसलीच! मागे वाहनांचे भोंगे. ह्यांचा चेहरा असा, की 'मी सांगितलंच होतं' हे शब्द बोलायचीही गरज नव्हती. भाऊजींनी मात्र ते बोलून टाकले.

मी बॉनेट उघडलं. इंजिन इतकं तापलं होतं, की पेट्रोल पंपातच उकळून त्याची वाफ झाली होती. पंपाचं काम पातळ पेट्रोल ओढायचं, वाफेपुढे त्याचं काही चालत नाही. हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं, पण त्या क्षणी, शपथेवर सांगते, काही सुचेना. तेवढ्यात मागचं दार उघडलं. सासूबाई उतरल्या, फिरकीचा तांब्या आणि पंचा घेऊन. म्हणाल्या, "पंपावर ओला पंचा टाक. निवला की दुसऱ्यांदा भिजव. महाबळेश्वरला जाताना हे इथेच थांबायचे. पाणी मीच घालायची."

मी पाहतच राहिले. पंप कुठे आहे हे त्यांना बोट न दाखवता ठाऊक होतं! तीन वेळा पंचा भिजवला. वीसेक मिनिटांनी चावी फिरवली आणि बाईसाहेब सुरू झाल्या. कन्येने मागून टाळ्या पिटल्या.

मैदानावर पोहोचलो तेव्हा मंडप भरला होता. अँबेसेडर, जीप, लँब्रेटा, एक लालचुटुक हेराल्ड आणि कुणाची तरी भलीमोठी डॉज. वही घेतलेला एक तरुण मुलगा आला. स्टिअरिंगवरून उतरले मी, हाताला ग्रीस माझ्या, पण त्याने विचारलं ह्यांना, "साहेब, मालकाचं नाव?"

मला राग आला, लपवत नाही. मी तोंड उघडणार, तोवर हे म्हणाले, "तसं अजून वडिलांच्याच नावावर आहे..." भाऊजी म्हणाले, "म्हणजे आम्हा दोघांची." आणि मी म्हटलं, "चालवते, सांभाळते मी."

"माझं नाव लिहा," मागून आवाज आला.

सासूबाई पदर सारखा करत उभ्या होत्या. आवाज चढलेला नव्हता. "१९८६ साली माझ्या पाटल्या मोडल्या हिच्यासाठी. चार तोळ्यांच्या, माहेरच्या. निम्मे पैसे त्याचे, उरलेलं सोसायटीचं कर्ज."

दोघे भाऊ अवाक. घरात आजवर सांगितलं गेलं होतं ते फक्त कर्जाचंच. ह्यांनी विचारलं, "आई, कधी बोलली नाहीस?" त्या म्हणाल्या, "कुणी विचारलं नाही. भंगारवाला विचारून झाला तुमचा."

मैत्रिणींनो, त्या वाक्याने दोघे भाऊ खाली बघू लागले, पण मलाही कुठे वर बघता येत होतं? वर्षभर मी उठता-बसता 'माझी गाडी' म्हणत होते. माझा पगार, माझी मेहनत, माझी हौस. त्या मुलाने मला विचारलं नाही म्हणून मला राग आला. मी तरी सासूबाईंना कधी विचारलं होतं? करंज्यांवरची त्यांची खाली गेलेली मान मी पाहिली होती, आणि तिला मी होकार समजले, की काहीच समजले नाही, कोण जाणे.

मुलाने वहीत त्यांचं नाव लिहिलं. बक्षीस डॉजला गेलं, तो भाग वेगळा.

परत निघताना मी पुढचं दार उघडून धरलं. त्या म्हणाल्या, "मी कुठे बसते पुढे?" खरंच, एकोणचाळीस वर्षांत त्या कधी पुढे बसल्या नव्हत्या. आधी पुढे आजेसासूबाई, त्या थोरल्या म्हणून. मग मुलं, त्यांना रस्ता बघायचा म्हणून. मग पाहुणे, आणि शेवटी मी शिकत होते म्हणून. हे मुकाट्याने मागे जाऊन बसले. सासूबाई पुढे बसल्या, पिशवी पायाशी ठेवली आणि काच पूर्ण खाली केली.

उतारावर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली. हिच्या चारही चाकांना जुन्या तऱ्हेचे ड्रम ब्रेक आहेत. सारखे दाबत राहिलं तर तापून पकड सुटते, म्हणून घाट इंजिनाच्या जोरावरच उतरायचा. "हे पण असंच उतरवायचे," एवढंच त्या बोलल्या. धोम धरणाचं पाणी दिसू लागलं तशा बघत राहिल्या.

त्यानंतर गाडीचं पुस्तक सासूबाईंच्या नावावर करायचं ठरलं. मालक वारले असतील तर आरटीओत फॉर्म ३१ भरावा लागतो, मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती लागते. ह्यांनी लगेच सही दिली. भाऊजींनी तीन आठवडे फोन उचलला नाही. मग एक दिवस टपालाने कागद आला, सहीसकट. सोबत चिठ्ठी नव्हती. असो. शेड अजून गाडीचीच आहे.

कुणीतरी सुचवलं, की गाडीला पन्नास वर्षं झाली, तर 'व्हिंटेज' म्हणून नोंदवा. २०२१ पासून तसा नियम आहे आणि आधीच नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबरही कायम राहतो. पण मग ती रोजच्या वापराला काढता येत नाही. मेळावे, प्रदर्शनं, दुरुस्ती, पेट्रोल एवढ्यासाठीच. या खेपेला मी आधी मालकिणीला विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "शोभेला ठेवायला मी पाटल्या नव्हत्या मोडल्या." झालं! दर पाच वर्षांनी पासिंग करून घ्यायचं, कर भरायचा आणि गाडी फिरती ठेवायची, असं ठरलं.

तेव्हा तुमच्या घरीही एखाद्या जुन्या वस्तूवरून वाद निघाला, तर तिचं काय येईल हे बाजारात विचारण्याआधी, ती कशातून आली हे घरातल्या थोरल्या बाईला विचारा. ती आपण होऊन सांगणार नाही, हे मात्र धरून चाला.

आमच्याकडे आता शनिवारी शाळा सुटली की मी घरावरून जाते. सासूबाई फाटकात उभ्या असतात. भाजीची पिशवी मागच्या सीटवर टाकतात आणि पुढे येऊन बसतात.