तान्ह्याचा प्रवास आणि आप्तांचे अगत्य

गणेशचतुर्थीला, दिवाळीला किंवा वैशाखातल्या सुट्टीला पंधरा-वीस दिवस उरले, की ठाण्यात बालरोगांचा व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्याच्या दवाखान्यात एक प्रश्न ठरल्या शिरस्त्याने येऊ लागतो: बाळाला घेऊन गावी जावे की न जावे? विचारणारी आई बहुधा पहिलटकरीण असते. माहेरचे बाळंतपण आटोपून ती नुकतीच आपल्या बिऱ्हाडी परतलेली असते. आणि तिकडे सासरचे मूळ घर, मग ते कुडाळजवळच्या एखाद्या वाडीत असो की चिपळूणच्या परिसरात, नातवंडाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असते. काही घरांत तर पणजी अद्याप हयात असते, आणि पणतवंडाचे मुख पाहून झाल्यावर तिच्यावर सोन्याची फुले उधळण्याचा मानाचा सोहळा, तिच्या प्रकृतीचा भरवसा नसल्यामुळे, पुढच्या सालावर ढकलणे कोणालाच प्रशस्त वाटत नाही. अशा वेळी 'वर्षभर कोठे हलू नका' असे फर्मान काढून मोकळे होणे डॉक्टरला सोपे असते. परंतु ते मला शास्त्राच्या दृष्टीने निराधार आणि माणुसकीच्या दृष्टीने कठोर वाटते. पूर्ण दिवसांचे, निरोगी आणि अंगावर पिणारे मूल प्रवास उत्तम रीतीने सोसते. इतक्या वर्षांच्या व्यवसायात, गावाहून परतल्यावर आजारी होऊन माझ्याकडे आलेल्या मुलांची हकीकत विचारता विचारता माझी अशी खात्री होत गेली आहे, की तान्ह्याला वाट क्वचितच बाधते. बाधते ते मुक्कामावरचे अनावर अगत्य.

निघावे केव्हा, हा पहिला विचार. आपल्याकडे बाळबाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर न काढण्याचा जो रिवाज होता, त्यामागे सोयराची कल्पना असली तरी त्याचा परिणाम हितावहच होता, कारण ज्या दिवसांत अर्भकाची प्रतिकारशक्ती अत्यंत कोवळी असते त्याच दिवसांत परक्यांचा संसर्ग त्यामुळे टळत असे. आजच्या काळी या रिवाजाला लसीकरणाच्या वेळापत्रकाची जोड द्यावी लागते. जन्मताच बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-बची मात्रा, त्यानंतर ६, १० आणि १४ आठवडे पूर्ण होताच पंचगुणी लस व तिच्या जोडीच्या इतर लसी, असा सरकारी क्रम आहे. पंचगुणीतील एक भाग डांग्या खोकल्याविरुद्धचा असतो, आणि हा रोग तान्ह्याच्या बाबतीत विशेष कपटी आहे. कारण मोठ्या माणसाला ज्यामुळे केवळ लांबलेली ढास लागते, त्याच जंतूमुळे दोन महिन्यांच्या मुलाला खोकलाही न येता त्याचा श्वास मध्येच थांबू शकतो. म्हणून निकडीचे कारण नसेल तर चौदा आठवड्यांची मात्रा पदरात पडल्यावर प्रवासाची तजवीज करावी, अशी माझी शिफारस असते. मुदतीची लस नेमकी सुट्टीत येत असेल तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्यावे. त्याच्या आधारे गावच्या आरोग्य केंद्रात ती विनामूल्य मिळते.

प्रवासाच्या साधनांपैकी तान्ह्याला सर्वांत मानवते ती आगगाडी. रोह्यापासून ठोकूरपर्यंतचा ७४१ किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग १९९८ साली पूर्णपणे खुला झाला, आणि कशेडीच्या घाटातील वळणे घेत एस.टी.ने रात्रभर जाण्याची बाळंतिणींची हलाखी पुष्कळ अंशी संपली. मात्र पाच वर्षांखालील मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, आणि तिकिटाविना स्वतंत्र शायिकाही मिळत नाही. अरुंद फळीवर आईच्या कुशीतच त्याची रात्र जाते. २०२२ साली उत्तर रेल्वेने लखनौ मेलमध्ये खालच्या शायिकेला जोडलेली मुलांची छोटी शायिका प्रयोगादाखल बसवली होती. असा प्रयोग सर्व गाड्यांत सरसकट अमलात यावा, असे मला मनापासून वाटते. तोवर खालची शायिका मिळवावी आणि बाळाला भिंतीकडे, उताणे, तोंडावर दुपटे येणार नाही असे निजवावे. दोन शायिकांच्या मध्ये साडीची झोळी बांधण्याची प्रथा दिसायला सुखाची, पण गाडीचा एखादा हिसका आणि सुटलेली एक गाठ एवढ्याने अनर्थ होतो. तिला माझी स्पष्ट हरकत आहे.

वाटेतील आहाराची चिंता अंगावर पिणाऱ्या मुलाच्या बाबतीत जवळजवळ उरतच नाही. आईच्या दुधात शेकडा ८८ भाग पाणीच असते. त्यामुळे सहा महिन्यांपर्यंत, भर उन्हाळ्यातही, मुलाला वरचे पाणी पाजण्याचे प्रयोजन नाही, फक्त पाजण्याच्या वेळा अधिक हव्यात. बाटली आणि तिचे बूच प्रवासात निर्जंतुक राखणे दुष्कर असते. वरचे दूध देणे अपरिहार्यच असेल तर आपल्या आज्यांच्या काळचे बोंडले किंवा साधी वाटी-चमचा अधिक निर्धोक, कारण त्यांना घाण साठायला कोपरा नसतो आणि उकळत्या पाण्यात ती सहज स्वच्छ होतात. सहा महिन्यांपुढच्या मुलासाठी ऐनवेळी सोलून कुस्करलेल्या केळ्याइतके सोयीचे अन्न दुसरे नाही. परंतु पाजायचे कोठे, हा आईपुढचा खरा प्रश्न असतो. महाराष्ट्रात अनेक एस.टी. स्थानकांवर त्यासाठी जी खोली राखून ठेवली आहे तिला हिरकणी कक्ष असे नाव दिले आहे. घरी तान्हे भुकेले असेल या एकाच विचाराने, दरवाजे मिटल्यावर रायगडाचा कडा उतरून जाणाऱ्या त्या गवळणीची आख्यायिका ज्या प्रांतात मुलामुलांच्या मुखी आहे, तेथे हे नाव सार्थ आहे. मात्र ते सार्थ ठेवायचे तर त्या खोलीला कडी, पंखा आणि स्वच्छ बाक यांचा बंदोबस्त नित्य हवा, आणि जेथे तो नसेल तेथे स्थानकप्रमुखाकडे लेखी तगादा लावण्याचा हक्क प्रत्येक प्रवाशाने बजावला पाहिजे.

स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: आईची मांडी ही जगातील सर्वांत प्रेमळ जागा असली, तरी धावत्या मोटारीत ती सुरक्षित जागा नव्हे. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी अकस्मात अडली, तर सहा किलोचे मूल त्याच्या वजनाच्या कित्येक पट जोराने पुढे फेकले जाते, आणि तो जोर कोणाच्याही हातांना आवरत नाही. मागच्या बाकावर पट्ट्याने जखडलेले आणि मुलाचे तोंड गाडीच्या पिछाडीकडे राहील असे बाल-आसन हाच त्यावरील उपाय आहे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा अधिनियमाने चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याविना किंवा बाल-आसनाविना नेल्यास १००० रुपये दंड ठरविला आहे. परंतु दंडाच्या धास्तीने नव्हे, तर मुलाच्या जिवासाठी हा खर्च करावा. विमानाने येणाऱ्यांनी उतरणीचा समय ध्यानी ठेवावा: लहान मुलाची कान आणि घसा यांना जोडणारी नलिका आखूड, आडवी आणि अरुंद असते, हवेचा दाब वाढू लागला की ती मिटते आणि कान ठणकतो. विमान खाली येऊ लागताच मूल अंगाला लावले, तर त्याच्या प्रत्येक घोटागणिक ती नलिका उघडते आणि दाब समतोल होतो. अंबा किंवा कुंभार्ली घाट उतरतानाही हीच युक्ती उपयोगी पडते. फक्त तेथे गाडी सुरक्षित जागी उभी करून मग मूल आसनातून काढावे.

आता मुक्काम. उंबरठ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला जातो, पायांवर पाणी पडते, आणि त्यानंतरच्या घटकाभरात ते मूल आजीकडून आत्याकडे, आत्याकडून चुलत्याकडे, तेथून शेजारच्या काकूंकडे, असे हातोहात फिरते. प्रत्येक जण त्याचे गाल कुरवाळतो, मुका घेतो, बोट त्याच्या मुठीत देतो, आणि पुढच्याच क्षणी ती मूठ मुलाच्या तोंडात जाते. या प्रेमाविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु मोठ्यांचे साधे पडसे तान्ह्याच्या सूक्ष्म श्वासनलिकांत उतरले की त्याचे धापेत रूपांतर होते, आणि ओठावर ज्वराचे फोड आलेल्या माणसाचा मुका नवजात अर्भकाच्या मेंदूपर्यंत आजार पोहोचवू शकतो. कोकणातल्या जुन्या घरांत बाहेरून येणाऱ्याने पडवीत हातपाय धुवूनच आत यावे, असा दंडक होता. तोच दंडक थोडा वाढवून, साबणाने हात धुतल्याविना बाळाला घ्यायचे नाही आणि मुका घ्यायचाच तर पायाचा घ्यायचा, एवढे घरच्या वडीलधाऱ्यांनी ठरविले, तर कोणाच्याही मायेत उणे न येता निम्मी जोखीम टळेल. आणखी एक चौकशी निघण्यापूर्वीच, फोनवर, संकोच न धरता करावी: घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त दिवस खोकला आहे काय? असल्यास थुंकीची तपासणी आधी आणि नातवंडाची भेट नंतर. बीसीजीची लस लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या भीषण प्रकारांपासून पुष्कळसे संरक्षण देते, परंतु खोकणाऱ्या आजोबांच्या कुशीत रात्र काढण्याचा परवाना देत नाही.

अगत्याचा दुसरा मार्ग सहाणेवरून जातो. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, हळकुंड यांचे वेढे उगाळून केलेली गुटी मधात चाटविण्याची हौस अजून अनेक घरांत आहे. पैकी मधाविषयी मी तिळमात्र सवलत देत नाही. कारण एक वर्षाखालील मुलाच्या आतड्यात मधातील एका जंतूचे बीज रुजून त्याचे विष स्नायू लुळे पाडू शकते, आणि मोठ्यांना तोच मध पचतो हा त्याच्या निर्दोषपणाचा दाखला ठरत नाही. जायफळाने मूल शांत झोपते असे वाटते, पण ती झोप कित्येकदा गुंगी असते. काजळात शिसे असू शकते. दृष्टीचा टिळा लावायचाच तर तो तळपायाला लावावा. नाकात आणि कानात तेल सोडू नये. धुरीचा धूर मुलाच्या खोलीत नसावा. याउलट तेलाचे हलके मर्दन, ऊबदार पाण्याची अंघोळ, मऊ दुपटे आणि आजीची ओवी यांना शास्त्राची पूर्ण संमती आहे, हेही मी तितक्याच ठासून सांगतो.

सात-आठ महिन्यांचे मूल माणसे ओळखू लागते, आणि ज्या आजीने त्याच्यासाठी कुंची शिवून ठेवलेली असते तिलाच पाहून टाहो फोडते. आजी हिरमुसते, सून कानकोंडी होते, आणि 'शहरात एकटे वाढले म्हणून असे' हा शेरा कोणीतरी मारतो. वस्तुस्थिती उलट आहे. आई आणि इतर यांच्यातील भेद मुलाला उमगला, त्याची बुद्धी आणि माया दोन्ही यथाकाल उमलत आहेत, याचेच ते रडणे लक्षण असते. आजीने मुलाला ओढून न घेता, आईशी गोष्टी करीत जवळ बसावे, हाती एखादा खुळखुळा धरावा, आणि मुलाने आपण होऊन हात पुढे करीपर्यंत वाट पाहावी. दोन दिवसांत बहुतेक मुले तिच्या खांद्यावर मान टाकतात.

गावच्या आज्यांकडे एक विद्या अशी आहे की जिचा मी नेहमी आदराने उल्लेख करतो. मुलाला जुलाब होऊ लागले की त्या टाळूवरून बोटांची पेरे अलगद फिरवतात आणि सांगतात, टाळू खोल गेली. मीही दवाखान्यात तेच करतो: मूल शांत असताना, त्याला उभे धरून, टाळूवर बोटे टेकवतो, ती कवटीच्या पातळीला सपाट लागली तर ठीक, वाटीसारखी खचलेली लागली तर शरीरातील पाणी ओसरले आहे असे समजतो. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रोग्यांना मीठ-साखरेचे द्रावण तोंडाने पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. त्या द्रावणाची, म्हणजे ओआरएसची, पुडी प्रवासाच्या पिशवीत असलीच पाहिजे, आणि अंगावरचे पाजणे जुलाबातही बंद करता कामा नये. तीन महिन्यांखालील मुलाचा ताप १००.४ अंशांवर गेला, मूल पिईनासे झाले किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढू लागल्या, तर घरगुती उपायांत क्षणही न दवडता १०८ ला फोन करावा. निजताना मच्छरदाणी लावावी, आणि दुपटी व झबली झटकून घ्यावीत. कोकणातील लाल विंचवाचा दंश तान्ह्याच्या हृदयावर घाला घालतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या उपचाराने त्याची मारकता पुष्कळच घटविली आहे, पण ते औषध वेळेत मिळण्यासाठी रुग्णालय वेळेत गाठावे लागते.

या सर्वांचा कारभार मुक्कामाच्या घरी कोणी पाहावा? माझे उत्तर निःसंदिग्ध आहे: मुलाच्या आईने. बाळाने केव्हा निजावे, काय प्यावे, कोणाकडे जावे, या बाबतीत तिचा शब्द अखेरचा असावा, आणि तो तिला वडीलधाऱ्यांपुढे एकटीने लढून मिळवावा लागू नये. निघण्यापूर्वीच नवऱ्याने आपल्या घरी ही मुखत्यारी स्पष्ट शब्दांत कळवावी. नको ते चाटण आणि नको तो गोतावळा परतवण्याचे काम त्याचे आहे, सुनेचे नव्हे. आणि गावच्या घराने आपल्या अगत्याचा ओघ मुलावरून थोडा आईकडे वळवावा: तिला ऊन जेवण, दुपारची अखंड झोप आणि दाराला कडी असलेली एक खोली मिळाली, की दुधाची, निजेची आणि प्रकृतीची मुलाची निम्मी तक्रार आपोआप मिटते. आप्तांचा सहवास हे मुलाचे जन्मसिद्ध धन आहे. ते त्याला पहिल्याच वर्षी मिळावे, असे वैद्य म्हणून आणि या समाजाचा एक घटक म्हणून मला वाटते, आणि म्हणूनच दवाखान्यात विचारणाऱ्या प्रत्येक आईला मी जाण्याचा सल्ला देतो व तिच्याबरोबर येणाऱ्या नवऱ्याला घरच्या मंडळींसाठी सूचनांचा कागद लिहून देतो.