पासंग

यंत्रांची आणि आमची रास कधी जुळलीच नाही. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. वृत्ते, अलंकार आणि समास यांच्या संगतीत आमचे आयुष्य बरे चालले होते. घरातला विजेचा दिवा गेला तरी आम्ही प्रथम शेजाऱ्यांकडे पाहतो, आणि वर्गातला पडदा-प्रक्षेपक अडून बसला की नववीतल्या एखाद्या मुलाला मोठ्या गंभीरपणे पुढे बोलावतो. असे असूनही गतवर्षीच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही एका उडत्या यंत्राचे पंच झालो, निकाल दिला, आणि तो निकाल चुकला. ती हकीकत आमच्या विद्यार्थ्यांना सांगितलीच पाहिजे, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमची ताई ग्वाल्हेरला दिलेली आहे. तिचे घर लष्कर भागात, नई सडकेवर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे आपली छावणी घातली, म्हणून या भागाचे नाव लष्कर पडले, हे आम्ही इतिहासाच्या तासाला अनेकदा सांगितले होते; पण प्रत्यक्ष जाण्याचा योग प्रथमच येत होता. कोंकणी बोलत वाढलेल्या आमच्यासारख्या माणसाला तेथले मराठी ऐकून मोठी गंमत वाटली. त्यांच्या बोलण्यात हिंदीचा सहज शिडकावा आणि आमच्या बोलण्यात कोंकणीचा हेल! दोन दिवसांत आम्ही एकमेकांच्या उच्चारांवर मनसोक्त हसून घेतले. खाली सडकेवर दुकाने, दुचाक्या आणि विजेच्या तारांचे जाळे. गच्चीवर चढले की दूरवर किल्ल्याचा लांबलचक डोंगर. पहाटे ताईचे सासरे, ज्यांना सारे घर नाना म्हणते, तंबोरा जुळवीत बसत. ग्वाल्हेर हे गाण्याचे गाव. भातखंड्यांच्या प्रेरणेने १९१८ साली निघालेले माधव संगीत विद्यालय याच गावातले. नानांचे गाणे अर्धा तास चाले. पण त्याआधीचे तंबोरा जुळविणे कधी कधी पाऊण तास!

आमचा भाचा नववीत आहे. त्याला वेड ड्रोनचे. डिसेंबर २०२१ मध्ये ग्वाल्हेरच्या माधव इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अँड सायन्समध्ये ड्रोनचा मेळा भरला होता आणि पुढल्याच वर्षी तेथे ड्रोनची शाळाही निघाली. बोटाला धरून वडिलांनी मेळा दाखविला, तेव्हापासून मुलाच्या मनात ती भुणभुण शिरली ती शिरलीच. शेवटी भावोजींनी कॅमेऱ्याचा एक छोटा ड्रोन घेऊन दिला. अडीचशे ग्रॅमच्या आतला. आपल्या २०२१ च्या ड्रोन नियमांत याला नॅनो म्हणतात, आणि केवळ हौसेसाठी असा ड्रोन उडविणाऱ्याला वैमानिकाचा परवाना लागत नाही. परंतु भावोजींचा स्वतःचा नियम सरकारी नियमाहून कडक होता. गावात महाराजपुऱ्याला वायुदलाचा तळ, तेव्हा लष्करच्या गच्चीवरून उड्डाण अजिबात नाही; सरकारी नकाशा पाहावा, हिरवा भाग शोधावा आणि तेथेच उडवावा. त्यामुळे शिवपुरी रस्त्यावर तीस किलोमीटरवर असलेल्या त्यांच्या एका स्नेह्यांच्या शेतावर जावयाचे ठरले. आम्ही 'जबाबदार वडीलधारे' म्हणून सोबत.

सामान आम्हीच भरले. ड्रोन त्याच्या पेटीत नीट बसविला. दूरनियंत्रक, म्हणजे मुले ज्याला रिमोट म्हणतात तो, आम्ही पिशवीत घातला आणि त्यावर पुऱ्यांचा डबा ठेवला. हा डबा वाचकांनी लक्षात ठेवावा.

शेतावर उन्हे कोवळी होती. हरभरा नुकताच उगवत होता. भाच्याने ड्रोन वर नेला; दोन पुरुष उंचीवर तो क्षणभर थांबला आणि मग हळूहळू डावीकडे सरकू लागला. आम्ही ओरडलो, “अरे, झाड!” मुलाने काही केले असेल-नसेल, तोवर बाभळीत शिरून ड्रोन खाली कोसळला. एक पाते मोडले. ताई धावत आली, स्नेह्यांची मंडळी गोळा झाली आणि सर्वांनी आमच्याकडे पाहिले. मास्तर म्हणजे निकाल देणारा माणूस!

“मामा, मी स्टिक हलवलीच नाही,” भाचा म्हणाला.

“मग काय तो आपणहून गेला? यंत्र खोटे बोलत नाही, बाळ. खोटे बोलतात ती माणसे,” आम्ही उत्तरलो. वाक्य आम्हांला फार आवडले. दोघे-तिघे हसलेही. आम्ही त्याच्या हातातून रिमोट काढून घेतला आणि “कबूल करशील तेव्हा परत मिळेल” असे जाहीर केले. मुलगा काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर तो खिडकीबाहेर पाहत होता. रात्री पानावरून अर्धवट उठला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही नानांच्या खोलीत जाऊन बसलो. ते खुंटी पिळत होते, मणी सरकवीत होते आणि पुनःपुन्हा कान लावीत होते. आम्ही सहज म्हटले, “नाना, आपला वेळ यातच फार जातो.” ते हसून म्हणाले, “मास्तर, तंबोरा उतरलेला असला तर गाणारा कितीही सुरात गायला तरी बेसूरच वाटतो. लोक मात्र नाव गाणाऱ्याला ठेवतात. म्हणून आधी याची चौकशी.”

त्यांनी ते सहज म्हटले की आम्हांला ऐकविण्यासाठी, देव जाणे. पण आम्हांला एकदम आमची आई आठवली. लहानपणी आम्ही भावंडांच्या कागाळ्या घेऊन गेलो की ती म्हणे, “पयलीं सारकें पळय, मागीर उलय.” आधी नीट पाहा, मग बोल. काल आम्ही काय पाहिले होते? झाड पाहिले, मोडलेले पाते पाहिले आणि मुलाचे वय पाहिले. एवढ्या पुराव्यावर शिक्षा दिली!

आम्ही भाच्याला हाक मारली. “चल, यंत्राचीही साक्ष काढू.” तो मुकाट्याने आला. ड्रोनची चारही पाती प्रथम काढून ठेवली, कारण घरात तपासणी करताना मोटर चुकून फिरली तर बोट कापावयास वेळ लागत नाही. मग एकेक संशयित उभा केला. एका वेळी एकच गोष्ट तपासावी, दोन बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही, हे सूत्र भाच्याचे. बॅटरी भरलेली होती. चारही मोटरी हाताने मोकळ्या फिरत होत्या. सपाट टेबलावर ठेवल्यावर ड्रोन आपण आडवे आहोत असेच सांगत होता. होकायंत्राची चाचणी लोखंडी पलंगापासून दूर, गच्चीच्या मधोमध घेतली. कारण जवळ लोखंड असले की होकायंत्र भांबावते. तेही निर्दोष ठरले.

राहता राहिला रिमोट. आमच्या कपाटातून तो बाहेर आला. त्याला दोन दांड्या असतात. या रिमोटवर डावी ड्रोनला वरखाली नेते व जागच्या जागी वळविते. उजवी पुढेमागे आणि डावीउजवीकडे नेते. प्रत्येक दांडीच्या बुडाशी दोन संवेदक असतात, एक उभ्या हालचालीसाठी व एक आडव्या. दांडी कलली की विजेचा दाब बदलतो, त्याचा आकडा बनतो आणि तो आकडा रेडिओलहरींवरून ड्रोनकडे जातो. लहरींवरून हुकूम देण्याची ही कल्पना काही कालची नव्हे. निकोला टेस्लाने १८९८ मध्येच न्यूयॉर्कला लोकांसमोर एक छोटी नाव अशी चालवून दाखविली होती. हवा कोणाचाही हुकूम नेते. हुकूम खरा की खोटा, हे मात्र ती पाहत नाही.

भाच्याने फोनच्या पडद्यावर दांड्यांचे आकडे आणले. मध्यावर शून्य, टोकांना शंभर. रिमोट टेबलावर ठेवला होता आणि त्याला कोणाचाही हात लागलेला नव्हता. तीन आकडे शून्य होते. चौथा, उजव्या दांडीचा आडवा, डावीकडे सात दाखवीत होता.

आम्ही दोघेही त्या साताकडे पाहत राहिलो. भाच्याने वहीत गणित मांडले. पूर्ण दांडीला सेकंदाला दहा मीटर वेग धरला, तर सात टक्क्यांना ढोबळ मानाने सत्तर सेंटीमीटर. दहा सेकंदांत सात मीटर. बाभूळ साधारण तेवढ्याच अंतरावर होती. मुलाने स्टिक खरोखरच हलविली नव्हती. दांडी मध्यावर उभी राहूनच ‘डावीकडे जा’ म्हणून सांगत होती. यंत्र खोटे बोलत होते आणि माणूस खरे.

मग ती बिचारी कशाने बिघडली? धुळीने असे होऊ शकते. झिजेने होऊ शकते. आणि खडबडीत रस्त्यावर तासभर दांडीवर पुऱ्यांचा डबा दाबून बसला तरीही होऊ शकते. आम्ही भाच्याकडे पाहिले. त्याच्याही मनात तेच आले असावे. पण तो बोलला नाही. आदल्या दिवशी आम्ही त्याच्या जागी असतो तर खचित बोललो असतो.

दुरुस्ती अशी. मऊ कुंचल्याने दांड्यांच्या बुडाची धूळ झाडली. ड्रोन बंद ठेवून फक्त रिमोट चालू केला आणि आकडे जुळविण्याचा आदेश दिला. प्रथम रिमोट सपाट ठेवावयाचा, दांड्या मोकळ्या सोडावयाच्या. यंत्र मध्य मोजून घेते. मग प्रत्येक दांडी सावकाश वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अगदी कडेपर्यंत न्यावयाची आणि कडेकडेने गोल फिरवावयाची, म्हणजे यंत्राला तिच्या मर्यादा कळतात. कॅमेरा वरखाली करणारे चाकही तसेच. पहिला प्रयत्न फसला. आमचा अंगठा सवयीने दांडीवर टेकला होता. भाचा हळूच म्हणाला, “मामा, हात काढा. मध्य मोजताना कोणी हात लावायचा नसतो.”

आम्ही हात काढला. दुसऱ्या खेपेस चारही आकडे शून्यावर आले.

आमच्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लहानपणी एक म्हातारा दुकानदार होता. माल तोलण्यापूर्वी तो रिकामी तागडी उचलून गिऱ्हाइकाला दाखवी, आणि एक पारडे झुकत असले तर दुसऱ्यात बारीकसा खडा टाकी. त्या खड्याला म्हणतात पासंग. रिकामी पारडी समान झाल्याखेरीज तो धान्याला हात लावीत नसे. आम्ही मात्र वर्षानुवर्षे तोलत आलो, आणि आमची रिकामी तागडी कोणीकडे झुकते ते कधी पाहिलेच नाही. वर्गात पेला फुटला की आमची नजर आपोआप मागच्या बाकाकडे जाते. निबंध चांगला उतरला की एखाद्याला आम्ही विचारतो, “कोणाचा उतरविलास?” आम्हांला तो न्याय वाटतो, पण कोणी हात लावलेला नसतानाही आमचा काटा सातावर उभा असतो.

दोष चारचौघांत दिला होता, तेव्हा क्षमाही चारचौघांतच मागणे प्राप्त होते. रात्री सर्वजण पानांवर बसल्यावर आम्ही शेतावरचा निकाल मागे घेतला, पुऱ्यांच्या डब्याची कबुली दिली आणि भाच्याची क्षमा मागितली. बोलताना जीभ जड झाली, हे लपवीत नाही. ताई वाढता वाढता थांबली. नाना म्हणाले, “लागला बरं का सूर.” भाच्याने मान खाली घातली आणि आणखी एक पोळी मागितली.

निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा शेतावर गेलो. या वेळी रिमोट भाच्याच्या मांडीवर होता आणि डबा आमच्या. नवे पाते बसविलेला ड्रोन वर गेला. भाच्याने दोन्ही अंगठे दांड्यांवरून उचलून आम्हांला दाखविले. ड्रोन हवेत जागच्या जागी उभा राहिला. आम्ही मनातल्या मनात दहा आकडे मोजले.

जाता जाता भाच्याने आम्हांला एक इशारा दिला, तो येथे नोंदवून ठेवतो. आकडे जुळविल्याने मध्य परत सापडतो, पण झिजलेला भाग नवा होत नाही. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी चारही आकडे पाहावे आणि दोष वारंवार येऊ लागला तर भागच बदलावा. आमच्या बाबतीत भाग बदलण्याचे वय उरलेले नाही. तेव्हा पहिला उपाय आम्ही पत्करला आहे. वर्गात कोणी “सर, मी नाही केले” असे म्हणाले, तर आम्ही उत्तर देण्यापूर्वी थोडे थांबतो. ते थांबणे कधी विसरलो, तर मुलांनो, तुम्ही निःसंकोच म्हणा, “सर, हात काढा.” आम्ही रागावणार नाही.