वखारीतल्या बायकांना सगळं कळत होतं

निपाणीत १९७०च्या आसपास जन्मलेल्या आम्हा पोरांच्या आयांना तंबाखूचा वास यायचा. वखार सुटून आई घरी आली की आधी मोरीत जायची. हात, मान, तोंड खसाखसा धुवायची, लुगडं बदलायची आणि मगच तान्ह्याला पदराखाली घ्यायची. तोवर ते रडून रडून लाल झालेलं असायचं, आजी आतून ओरडत असायची, तरी ती घाई करायची नाही. अंगावरची धूळ पोराच्या पोटात गेली की ते गुंगतं, हे तिला कुणा डॉक्टरानं सांगितलेलं नव्हतं. चार बायकांकडून ऐकलं, स्वतः पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

वखारीतली माणसंही त्यांनी अशीच ओळखलेली होती.

आमच्या कानांवर ते पडायचं ते कटकटीच्या रूपात. मोठ्या बहिणीला पहिल्यांदा वखारीत न्यायचं ठरलं तेव्हा आई, मावशी आणि समोरच्या आक्का असं तिघींचं शिकवणं आठवडाभर चाललं होतं. सकाळी एकलीनं निघायचं न्हाई, गल्लीच्या तोंडाला सगळ्या गोळा झाल्या की निघायचं. थप्पीच्या मागं कुणी बोलावलं तर तशीच उठून जायचं न्हाई, जाताना मोठ्यानं हाक द्यायची, "आक्का, चल गं जरा, पोतं धरू लाग." पगाराच्या दिवशी दिवाणजीच्या म्होरं शेवटी राहायचं न्हाई. राहिलीच एखादी, तर तिच्या आधीचीनं पैसे घेऊन दारात थांबायचं, चपलेचा अंगठा तुटला म्हणायचं, काहीही म्हणायचं, पण थांबायचं. नवऱ्यानं टाकलेली, विधवा किंवा परगावाहून आलेली कुणी असेल तर तिला दोन म्हाताऱ्यांच्या मधे बसवायचं. आम्हाला हे ऐकून हसू यायचं. एवढ्या बायका एका छपराखाली असताना भ्यायचं कशाला?

धाकात ठेवणारा माणूस एकदम अंगावर येत नाही, हे त्या जाणून होत्या. त्याची चाहूल कुठून लागते तेही त्यांना पाठ होतं. एखाद्या पोरीला न मागता हलकं काम मिळालं, चाळणीची धूळ सोडून सावलीत निवडायला बसवलं, की म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायच्या. उशीर झाला तरी हजेरी पुरी लागली, की पुन्हा बघायच्या. हजेरी घेताना एकाच बाईचं नाव दोनदा उच्चारणारा मुकादम, सुटताना दारावरच्या झडतीत एकीलाच जास्त वेळ लावणारा राखणदार, उगाच उसने पैसे पुढे करणारा कारकून, या सगळ्यांची नोंद व्हायची. आणि मेहेरबानी नाकारली, की पुढच्याच आठवड्यात काम खराब ठरायचं, शिव्या सुरू व्हायच्या, अर्धा दिवस कापला जायचा. घरी बिड्या वळणाऱ्यांची तऱ्हा वेगळी, पण हत्यार तेच. मोजून आणलेल्या हजारातल्या किती बिड्या छाट म्हणून बाजूला टाकायच्या, हे घेणाऱ्याच्या हातात. ज्या बाईनं मान वर करून उत्तर दिलं तिची छाट वाढायची.

कामाच्या जागी हिंसा कशी ओळखावी याची आता प्रशिक्षणं होतात, पडद्यावर चित्रं दाखवतात. चांगलंच आहे. पण त्यातली पहिली पायरी, म्हणजे ओळखणं, आमच्या आयांना शिकवायला गेलात तर त्यांनीच तुम्हाला चार गोष्टी सांगितल्या असत्या. त्यांची अडचण पुढची होती. ओळखल्यावर सांगायचं कुणाला? मालकाला सांगावं, तर दिवाणजी मालकाचा. पोलिसात जावं, तर गावभर बोभाटा. आणि घरी?

घरी सांगणं सगळ्यांत अवघड होतं, हे मान्य केलंच पाहिजे. नवरा, दीर किंवा सासरा पहिलं वाक्य बोलणार ते ठरलेलं: "उद्यापास्नं जायचं न्हाई." म्हणजे ज्यानं त्रास दिला त्याची नोकरी शाबूत आणि जिला त्रास झाला तिची रोजी गेली. शिवाय नंतर कधीही भांडण झालं की तेच उकरून काढायचं. म्हणून घरात आम्हाला फक्त नियम ऐकू आले, त्यांची कारणं कधीच नाहीत. आमच्या शेजारची एक बाई अशीच एका हंगामात मधेच वखारीला जायची थांबली. धूळ सोसत नाही, असं सांगण्यात आलं. पुढची कितीतरी वर्षं ती गावातच, धुळीतच, दुसऱ्यांची भांडी घासत होती आणि आम्ही कुणी विचारलं नाही.

लग्नाकार्यात भेटलो की आमची पिढी आता मोठ्या मायेनं म्हणते, तेव्हाच्या बायका खमक्या होत्या, विळ्यासारखी जीभ होती, कुणाची टाप नव्हती. मला हे ऐकून नेहमी थोडा राग येतो. टाप होती म्हणूनच तर एवढे नियम होते. आणि ते सगळे नियम बाईनं पाळायचे होते. तिनं हसायचं नाही, तिनं मागं राहायचं नाही, तिनं पदर टाचून ठेवायचा. समोरच्यानं पाळायचा असा नियम त्यात एकही नव्हता.

तो पहिल्यांदा मागितला गेला संघटनेत. १९७०चं दशक सरता सरता प्रा. सुभाष जोशी यांच्या पुढाकारानं वखारीतल्या बायकांची संघटना उभी राहिली, चिकोडी तालुका कामगार महासंघ. निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती. सुरुवातीच्या बैठका चोरून व्हायच्या, कारण कळलं तर काम जायचं. मजुरी, कामाचे तास, संडास, या मागण्या आम्हा पोरांनाही समजत. पण बायका घरी आल्यावर चुलीपुढे जे कुजबुजत, ते वेगळं होतं. बैठकीत कुणीतरी उठून दिवाणजीचं नाव घेतलं होतं. ते ऐकून मागच्या ओळीतली दुसरी म्हणाली होती, "माझ्यासंगंबी." मग तिसरी. दलित, मुसलमान, मराठा, लिंगायत, एका पंगतीत न जेवणाऱ्या बायका तिथं एका सतरंजीवर बसल्या होत्या आणि तोवर प्रत्येकीला वाटत होतं की हे आपल्या एकटीच्याच नशिबी आलंय.

त्यानंतर वखारीची भाषा बदलली. दिवाणजी एखादीला "ए" म्हणाला, की ओळीतली चौथी बाई विचारायची, "नाव न्हाई का तिला?" मोर्चे निघाले, संप झाले. आमच्यातल्या काहींनी आईचा हात धरून ते पाहिले, काहींनी त्या दिवसांत चहाबरोबर शिळी भाकरी खाल्ली. घोषणा देणारी ती बाई आपलीच आई आहे, यावर विश्वास बसायला वेळ लागला. घरात सासऱ्यापुढे ती अजूनही पदर सावरून बोलत होती.

त्याच काळात निपाणी देशभर गाजली ती मात्र शेतकऱ्यांमुळे. तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १४ मार्च १९८१ला पुणे-बंगळूर हमरस्त्यावर हजारो शेतकरी बसले, रस्त्यावरच आंदोलननगर वसलं, आणि ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी गेले. त्या सकाळचे आवाज आमच्या पिढीला अजून ऐकू येतात. पण गावाच्या आठवणीत हा एवढा मोठा प्रसंग असला, की वखारीतल्या बायकांचं रोजचं सोसणं त्याच्या मागे लपतं. गोळीबाराला तारीख असते, स्मारक असतं. थप्पीमागं काय झालं त्याला दोन्ही नसतं.

तरी आमच्या आयांचं नशीब म्हणा, की ते कुणीतरी टिपून ठेवलं. दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या 'युगांतर' गटानं १९८२मध्ये या बायकांना घेऊनच 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा माहितीपट केला. काय दाखवायचं, काय बोलायचं, हे ठरवण्यात बायका होत्या. पुढे छाया दातार यांनी निपाणीच्या या कामगार बायकांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते १९८९मध्ये आलं. त्या माहितीपटातली कृष्णधवल वखार पाहताना आमच्या पिढीतली माणसं काय करतात ठाऊक आहे? गर्दीत आपली आई शोधतात.

कायदा मात्र फार उशिरा आला, आणि तोही दुसऱ्याच एका बाईच्या लढ्यातून. राजस्थानात सरकारी कामाचा भाग म्हणून बालविवाह रोखू पाहणाऱ्या भंवरीदेवीवर १९९२मध्ये सामूहिक अत्याचार झाला. त्यातून संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७मध्ये विशाखा निकाल लागला आणि २०१३मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथं अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी बाया चालणार नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५० हजारांपर्यंत दंड. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९० क्रमांकाचा करार केला, त्यात तर कामावर जाण्या-येण्याचा रस्ताही धरलाय. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. गल्लीच्या तोंडाला जमून निघणाऱ्या बायकांनी तो रस्ता कधीच कामाच्या हिशोबात धरला होता.

हे सगळं मी परवा मावशीला वाचून दाखवलं. ती आता थकलीय, खोकला पाठ सोडत नाही, पण कान शाबूत आहेत. दिवाणजीविरुद्धची समिती मालक नेमणार, हे ऐकल्यावर ती खोकता खोकता हसायला लागली. मग मी सांगितलं, दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याला स्थानिक समिती असते.

"जिल्ह्याला म्हंजे बेळगावला?"

व्हय.

"म्हंजे दोन एश्ट्या, एक दिवसाचा खाडा, आणि अर्ज कानडीत."

तिचं खोटं नव्हतं. पाऊणशे किलोमीटरचा प्रवास, आणि बोलणं मराठीत तर कागद कन्नडमध्ये, हे सीमाभागातल्या माणसाला रेशनकार्डापासून सातबाऱ्यापर्यंत सवयीचं असलं, तरी जे तोंडातून निघायलाच वर्षं लागतात ते दुभाष्यामार्फत सांगायचं म्हणजे अवघड आहे. पण कायद्यात यावरही तोड आहे. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून काढायला मदत करणं हे समितीचंच काम आहे. आणि प्रत्येक तालुक्यात, शहरात असेल तर प्रभागात किंवा नगरपालिकेत, एक अधिकारी नेमायचा असतो. त्यानं तक्रार घ्यायची आणि सात दिवसांच्या आत समितीकडे पोचवायची. निपाणी आता स्वतःच तालुका आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत सांगावं लागतं, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. आणि आरोप सिद्ध करता आला नाही एवढ्यावरून बाईला खोटारडी ठरवून शिक्षा देता येत नाही, हेही स्पष्ट लिहिलेलं आहे. मावशीनं हे शेवटचं दोनदा वाचायला लावलं.

मग ती तिच्या नातीबद्दल बोलली. नात कापडाच्या दुकानात आहे, कामाला मिळून पाच जणी. मालकाचा भाऊ रात्री दुकान बंद करताना रोज एकीलाच हिशोबाला थांबवतो, गेले पंधरा दिवस. दर वेळी तीच. अजून काही झालेलं नाही. उरलेल्या चौघी बाहेर चपला घालत रेंगाळतात, असं नात म्हणाली.

"थांबत्यात नव्हं? बरं करत्यात," मावशी म्हणाली. "पर आमच्यागत नुसतं थांबू नगा म्हणावं. त्या तालुक्याच्या माणसाचं नाव काय, फोन काय, आधी इचारून घे. आणि दुकानात भित्तीवर डकवा, मराठीत बी, कानडीत बी. त्यो भाऊ वाचू दे की."