गुलाबी नगरीतल्या मराठी खुणा

जयपूर दोन दिवसांत पाहून होते, असे सहलीच्या कंपन्या सांगतात. पहिल्या दिवशी हवामहल, जंतरमंतर आणि सिटी पॅलेस, दुसऱ्या दिवशी आमेरचा किल्ला, संध्याकाळी जोहरी बाजार आणि रात्री परतीची गाडी. फोटो भरपूर निघतात, रजया आणि बांगड्यांनी बॅगा फुगतात. पण महाराष्ट्रातून गेलेल्या कुटुंबाला या शहरात आणखी काही पाहता येते, आणि गाईड ते सहसा सांगत नाही.

सुरुवात अर्थात हवामहलापासूनच होते. 1799 साली सवाई प्रतापसिंहांनी बांधलेली ही पाच मजली इमारत म्हणजे खरे तर एक भव्य दर्शनी भिंत आहे. 953 लहान खिडक्यांआड बसून राजघराण्यातल्या स्त्रिया रस्त्यावरच्या मिरवणुका पाहत. आत जाण्याचा रस्ता मागच्या बाजूने आहे, हे ठाऊक नसल्याने अनेकजण समोर फोटो काढून निघून जातात. शहराचा गुलाबी रंग मात्र मूळचा नाही. 1876 साली इंग्लंडचा युवराज येणार म्हणून महाराजा रामसिंहांनी सगळे शहर रंगवून घेतले, आणि तोच रंग पुढे शहराची ओळख बनला. जवळून पाहिला तर तो गुलाबीपेक्षा गेरूकडे झुकणारा आहे.

जंतरमंतरसाठी मात्र निदान दोन तास हवेत. 1727 साली जयपूर वसवणारे सवाई जयसिंह राजकारणी होते, तसेच आकाशाचे वेडेही होते. धातूची लहान यंत्रे हलतात, झिजतात आणि चुका करतात, म्हणून त्यांनी दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. त्यांतले सम्राट यंत्र सुमारे 27 मीटर उंच आहे. त्याची सावली मिनिटाला साधारण सहा सेंटीमीटर सरकते. मुलांना सावलीच्या कडेला उभे करून ती सरकताना दाखवावी, शाळेतला भूगोल एका जागी उमगतो. सावलीची वेळ आणि हातातले घड्याळ मात्र जुळत नाही. घड्याळ साधारण अर्धा तास पुढे दिसते. यात यंत्राची काही चूक नाही. आपली प्रमाणवेळ पूर्वेकडच्या रेखांशावर ठरली आहे आणि जयपूरला सूर्य उशिरा पोहोचतो, एवढेच.

या वेधशाळेच्या मागे उभ्या असलेल्या विद्वानांत जगन्नाथ सम्राट हे नाव मराठी माणसाने लक्षात ठेवावे. मूळचा महाराष्ट्रातला हा पंडित जयसिंहांच्या आश्रयाला राहिला आणि अरबी भाषा शिकला. युक्लिडची भूमिती त्याने अरबीवरून संस्कृतात आणली. ‘रेखागणित’ या नावाने तो ग्रंथ प्रसिद्ध आहे. टॉलेमीचा खगोलावरचा ग्रंथही त्याने संस्कृतात आणला. ग्रीक विद्या अरबीमार्गे जयपूरला आली आणि एका महाराष्ट्रीय पंडिताने ती संस्कृतात उतरवली. यंत्रांपुढच्या फलकांवर हे शोधत बसू नये, घरूनच वाचून जावे.

शेजारच्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन अजस्र घडे आहेत. 1902 साली दुसरे माधोसिंह सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा प्रवासात प्यायला गंगाजल हवे म्हणून ते बरोबर नेले होते. मुले या घड्यांपुढून हलत नाहीत.

इथून जवळच, त्रिपोलिया दरवाजापाशी, ईसरलाट नावाचा सात मजली मनोरा आहे. त्याला सरगासूलीही म्हणतात. आत गोल फिरत वर जाणारी चिंचोळी वाट आहे आणि माथ्यावरून सारे जुने शहर दिसते. सरळ रस्ते, एकसारख्या दुकानांच्या रांगा आणि चौपडी, म्हणजे मोठे चौक. बंगाली विद्याधर भट्टाचार्य यांच्या आखणीची शिस्त इथूनच नीट कळते. हा मनोरा जयसिंहांचे पुत्र ईश्वरीसिंह यांनी 1749 साली, सावत्र भाऊ माधोसिंहाच्या बाजूने लढलेल्या फौजांवरील विजयाची आठवण म्हणून बांधला. पण विजयाचा आनंद फार टिकला नाही. गादीच्या या भांडणात मराठ्यांनी उडी घेतली होती आणि खंडणीच्या रकमा वाढत चालल्या होत्या. 1750 च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज शहरावर चालून आली, तेव्हा द्यायला पैसा नाही आणि पाठीशी कोणी नाही, अशा अवस्थेत ईश्वरीसिंहांनी विष घेतले. जयपूरच्या इतर राजांच्या छत्र्या गैटोर इथे आहेत. त्यांची तेवढी राजवाड्याच्या आवारात आहे.

पुढचा प्रसंग अधिकच विदारक आहे. 1751 च्या जानेवारीत मराठ्यांच्या छावणीतली माणसे मोठ्या संख्येने शहरात शिरली, ती नवे शहर आणि त्यातली देवळे पाहायला. आजचे पर्यटक येतात तशीच. महिनाभराचा राग नगरवासीयांच्या मनात होता. दंगल उसळली आणि गल्लीबोळांत शेकडो मराठे मारले गेले. याच जयपुरात 1735 साली बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई तीर्थयात्रेला आल्या होत्या आणि जयसिंहांनी त्यांचा मोठा सन्मान केला होता. दोन्ही घटनांमध्ये जेमतेम सोळा वर्षे आहेत. मनोऱ्यावरून खाली पाहताना आपल्या माणसांचा पराक्रमच नव्हे, त्यांनी लादलेली खंडणीही आठवावी लागते.

शहरापासून अकरा किलोमीटरवर आमेर आहे. इथे मराठी पर्यटकांचा हमखास गोंधळ होतो. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंह आणि जयपूर वसवणारे सवाई जयसिंह हे दोन वेगळे पुरुष आहेत. मिर्झाराजे आधीचे आणि आमेरचे. 1665 साली शिवाजी महाराजांकडून 23 किल्ले लिहून घेणाऱ्या या सेनापतीनेच आमेरचा गणेशपोळ आणि शीशमहल उभारला. शीशमहलात एक मेणबत्ती लावली की छतभर चांदण्या उमटतात, हे वर्णन प्रत्येक गाईड करतो आणि ते खरेही आहे. आग्ऱ्यात 1666 साली महाराजांची जबाबदारी ज्यांच्यावर होती, ते रामसिंह मिर्झाराजांचेच पुत्र. त्यांच्या पदरी असलेल्या माणसांनी तेव्हा आमेरला पाठवलेली राजस्थानी पत्रे जयपूर दरबारच्या दप्तरात सापडली. दरबारातल्या त्या भेटीची माहिती त्यांतून मिळते. वरच्या जयगडावर चाकांवरची प्रचंड जयवाण तोफ आहे. चढण नको असेल तर वाहनाने जावे.

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. सरकारी स्थळांसाठी संयुक्त तिकीट मिळते, सिटी पॅलेस आणि जयगडाचे वेगळे काढावे लागते. लाखेच्या बांगड्या मनिहारों का रास्ता या गल्लीत डोळ्यांसमोर घडवून मिळतात. मापाची बांगडी विस्तवावर मऊ करून हाताला बसवून देतात. सांगानेरी छापाच्या चादरी बापू बाजारात घ्याव्या, भाव मात्र निम्म्यापासून सुरू करावा. रजई घेताना ती उन्हात धरून पाहावी, कापूस सारखा पसरलेला आहे की नाही ते लगेच दिसते. आणि घेवर खायचा तर ताजाच, कारण गावी पोहोचेपर्यंत तो मऊ पडतो.