बुटकीची अंडी

आमच्या जपानी लाव्ह्यांत बुटकी दिसायला सगळ्यांत सामान्य. ओळखू यायची ती अंड्यावरून. बाकीच्यांची अंडी मातकट, बारीक शिंतोड्यांची. हिचं फिकट, निळसर झाक असलेलं, त्यावर मोजके मोठे काळे डाग. एका मादीच्या अंड्यांवरची नक्षी साधारण एकाच धाटणीची असते, त्यामुळे टोपलीत डोकावलं की आज कोणी दांडी मारली ते कळायचं.

लाव्ही ६-७ आठवड्यांची झाली की अंडी सुरू होतात आणि चांगली जात वर्षाला २५० च्या पुढे जाते. कोंबडी अंडं घालून गाव गोळा करते. बुटकी मात्र दुपारच्या चहाच्या सुमाराला, चालता चालता, असेल तिथे अंडं टाकायची आणि वळूनही बघायची नाही. खुडूक बसणं या पाळीव जातीतून जवळपास गेलेलंच. पिल्लं हवीत तर मशीनमध्ये १७-१८ दिवस. आम्हाला ती नको होती. म्हणजे सगळा माल स्वयंपाकघरात.

"एवढ्याशा अंड्याचं करायचं काय?" असं आईने आधी विचारलं. पुढे विचारायची, "एवढ्या अंड्यांचं करायचं काय?" अंडं दहा-बारा ग्रॅमचं, कोंबडीच्या एकाला ही चार-पाच लागतात. कवच पातळ, पण आतला पापुद्रा चिवट. आपटलं की चुरा वाटीत पडतो, म्हणून सुरीने टोपी उडवायची. पोळ्यासाठी हे करत बसायला आईला वेळ नव्हता. ती उकडायचीच: चार मिनिटं, लगेच गार पाणी, आणि सोलायची पाण्यात बुडवूनच. ताजी नीट सुटत नाहीत, म्हणून आठवडाभर फ्रिजमध्ये मुरवलेली घ्यायची. मग हळद-तिखट लावून तेलात परतून कांदा-खोबऱ्याच्या रश्शात. अख्खं अंडं एका घासात! कवचं भाजून, चुरून परत लाव्ह्यांनाच.

तरी उरायचीच. कोणी दम्यावर औषध म्हणून मागायला यायचे. आम्ही अंडी द्यायचो, औषध म्हणून नव्हे.

थंडीत दिवस लहान झाला की अंडी आटायची. पोल्ट्रीवाले बल्ब लावून १४-१६ तास उजेड पुरवतात. आम्ही लावला नाही. ज्या घरात अंडी नको झालीत तिथे विजेचं बिल कशाला वाढवायचं? बुटकीलाही तेवढीच सुट्टी.

दुसऱ्या वर्षानंतर डागांचं अंडं टोपलीत क्वचित दिसू लागलं, मग बंदच झालं. दाण्यावर आणि मातीत लोळायला मात्र पहिला नंबर तिचाच.

"अंडी देत नाही, मग ठेवलीय कशाला?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"पेन्शन चालू आहे तिची," आई म्हणाली आणि त्यांच्या पिशवीत दुसऱ्यांची डझनभर अंडी घातली.