खळ्यावरचें घर

चिरंजीवांच्या नोकरीमुळें गेल्या वर्षीं आम्हां उभयतांस तीन महिने इंग्लंडांत राहण्याचा योग आला. त्यांच्या एका सहकाऱ्यानें आम्हांस एसेक्स परगण्यांतील आपल्या घरीं जेवावयास बोलाविलें. तें घर म्हणजे मूळचें धान्याचें कोठार, असें समजतांच आमचें कुटुंब म्हणालें, "म्हणजे पंगत कणगीशेजारीं कीं काय?"

परंतु तेथील कोठार म्हणजे आपली कणगी नव्हे. पावसाचा नेम नसल्यामुळें त्या देशांत पेंढ्यांसह सारें पीक छपराखालीं आणीत, व हिंवाळाभर तेथेंच मळणी चाले. मध्यें खळें, आणि त्याच्या दोहों अंगांस समोरासमोर, भरली गाडी आंत येईल एवढे उंच दरवाजे. ते उघडले कीं आरपार वारा सुटे व उफणणी होई. 'खल' म्हणजे दुर्जन, एवढेंच आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असे. पण त्या संस्कृत शब्दाचा दुसरा अर्थ धान्य मळण्याची जागा असाच आहे, व आपला 'खळें' हा शब्द त्यावरूनच आला.

वाटेंत क्रेसिंग टेंपल येथील दोन प्रचंड कोठारें पाहिलीं. टेंप्लर नांवाच्या लढवय्या ख्रिस्ती पंथास ती जमीन राणी मटिल्डानें ११३७ सालीं दिली. कोठारें तेराव्या शतकांतलीं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या शतकांतलीं. ओकच्या ओल्या लाकडाच्या तुळया तासून, एकीचें टोंक दुसरीच्या खांचेंत बसवून लाकडी खुंट्या ठोकलेल्या. लाकूड वाळतां वाळतां वांकतें, पण सांधा सुटत नाहीं.

यजमानांचें कोठार त्या मानानें लहान व अलीकडचें. तुळयांवर सुतारांनीं कोरलेले रोमन आंकडे त्यांनीं दाखविले. सांगाडा आधीं जमिनीवर जुळवावयाचा, खुणा करावयाच्या, सुटा करावयाचा आणि मग उभारावयाचा, अशी ती रीत. वर सलग मजला घालून सहा खोल्या काढाव्या, असा यजमानांचा बेत होता. परंतु इमारत संरक्षित यादींतली, तेव्हां परवानगीवांचून आंतही बदल करतां येईना. खळ्याची जागा आढ्यापर्यंत मोकळी ठेवावी लागली. वटवाघळांस तेथें १९८१ च्या कायद्याचें संरक्षण आहे. तीं छपरांत राहतात कीं काय, हें तपासण्यांत एक उन्हाळा गेला. पूर्वीच्या मालकानें लावलेल्या सिमेंटमुळें ओल कोंडून एका खांबाचा बुडखा कुजला होता. तेवढाच कापून नवें लाकूड जोडलें, आणि जोड मुद्दाम दिसता ठेवला. आज मोठ्या दरवाज्यांच्या जागीं कांच आहे, फरशीखालून ऊन पाण्याच्या नळ्या फिरतात, दोन्ही टोंकांस निजावयाच्या खोल्या आहेत, आणि खळ्यावर जेवणाचें टेबल.

"नवें घर याहून स्वस्तांत झालें असतें," यजमान म्हणाले; "पण मुलांना एवढें उंच छप्पर कोठून दिलें असतें?"

आमचा घांस तेथेंच अडखळला. १९९४ सालीं आम्हीं चौघां भावांनीं गांवचा वडिलार्जित वाडा पाडला. सागवानी खांब लाकडाच्या व्यापाऱ्यास विकले, आणि पैशांचे चार वाटे केले. परततांना ही हळहळ बोलून दाखविली, तेव्हां कुटुंब म्हणालें, "तुम्हांला खांब आठवतात. त्या माजघरांतला अंधार नि चुलीचा धूर कोणाच्या डोळ्यांत जात होता?"

याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. तें त्या खळ्यावरच्या घरांत होतें. तेथें खांब राहिले होते, आणि अंधार गेला होता. वाडा ठेवावा कीं पाडावा, एवढाच वाद आम्हीं घातला. तो बदलतां येईल, हें कोणीच सुचविलें नाहीं. थोरले असून आम्हींही नाहीं.

गांवीं अजून जुना गोठा उभा आहे. पुतण्या तो पाडून तेथें दोन खोल्या बांधणार होता. परत आल्यावर आम्हीं त्याला एवढेंच लिहिलें, कीं पाडण्यापूर्वीं एकदां सुताराला वर चढवून तुळया ठोकून पाहा. परवां सुतार येऊन गेला. दोन तुळया वाळवीनें खाल्ल्या आहेत. बाकीच्या सात खणखणीत आहेत.